तोंडीं कबुली, हातीं टोपली

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१–११. त्याबरोबर रोमकरांस पत्र १०:८–१३ हेंही वाचावें.



आपल्या पुष्कळ मंडळ्यांत दर प्रभुवारीं उपासना चालू असतां एक वेळ अशी येते कीं, सर्व लहानथोर उठून उभे राहतात आणि पुस्तक न उघडितां एका सुरानें आपल्या विश्वासाची कबुली देतात. हिलाच आपण मतांगीकार म्हणतों. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांसही तो मुखोद्गत असतो. डोळ्यांनीं अधू झालेल्या आजीबाईपासून शाळेंत जाणाऱ्या पोरापर्यंत सर्वांच्या तोंडीं तेच शब्द असतात. ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि या मतांगीकाराच्या संबंधानें दोन प्रकारचे लोक आपल्यामध्यें आढळतात. कित्येक म्हणतात, "आपल्याजवळ पवित्र शास्त्र आहे, मग माणसांनीं रचिलेल्या या शब्दांचें प्रयोजन काय?" दुसरे कित्येक असें कांहीं बोलत नाहींत; ते आनंदानें उभे राहतात व सगळा मतांगीकार घडाघडा म्हणून टाकितात; परंतु पोपट जसा शिकविलेलें बोलतो तसें तें बोलणें असतें. ओठ देवळांत, आणि मन मोटेवर किंवा बाजारांत. पहिल्यांस मतांगीकार नको आहे. दुसऱ्यांस तो हवा आहे, पण फुकट हवा आहे. या दोघांसही उत्तर देईल असा एक साधा शेतकरी पवित्र शास्त्रांत आहे. त्याच्याकडे आज आपण लक्ष लावूं.

मोशेनें इस्राएल लोकांस अशी आज्ञा दिली कीं, देशांत वस्ती केल्यावर जमिनीचें जें पहिलें उत्पन्न हातीं येईल, त्यांतलें कांहीं टोपलींत घालून परमेश्वराच्या स्थानीं न्यावें आणि तेथें देवापुढें कबुली द्यावी. ती कबुली काय होती? त्या शेतकऱ्यानें म्हणावयाचें कीं, माझा पूर्वज भटका अरामी होता. तो थोड्या माणसांनिशीं मिसरांत जाऊन उपरी म्हणून राहिला. मिसरी लोकांनीं आम्हांस जाचिलें. आम्हीं देवाचा धांवा केला. त्यानें आमची हांक ऐकिली, बलवान् हातानें आम्हांस बाहेर काढिलें व हा देश दिला. म्हणून, हे प्रभो, तूं दिलेल्या भूमीचें पहिलें फळ मी आणिलें आहे. इतकें बोलून त्यानें टोपली खालीं ठेवावयाची व दंडवत घालावयाचें. मग आपण, लेवी आणि आपल्यामध्यें राहणारा उपरी, अशा सर्वांनीं मिळून आनंद करावयाचा.

या कबुलींतील चार गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. त्यांवरून मतांगीकार म्हणजे काय हें आपणांस बरोबर कळेल.

१. ही देवाच्या कृत्यांची कबुली आहे

तो शेतकरी देवाविषयीं गूढ तत्त्वज्ञान सांगत नाहीं. देवानें काय केलें तेवढेंच तो सांगतो. आणि आपल्या कुळाचा मोठेपणाही तो सांगत नाहीं. आपले पूर्वज भटके होते, परक्यांच्या गुलामगिरींत राबत होते, हें तो देवाच्या वेदीपुढें उघड बोलतो. ज्यास देवानें उचललें त्यास आपण कोठून उचलले गेलों हें सांगण्याची लाज वाटत नाहीं. आपल्यापैकीं ज्यांच्या आजापणज्यांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें होतें, त्यांनीं हें विशेषेंकरून मनांत ठेवावें. खालच्या ठिकाणापासून आरंभ करणारी कबुली ही शास्त्रांतलीच रीत आहे.

नव्या करारांतही हेंच आहे. करिंथकरांस लिहितांना प्रेषित पौल म्हणतो कीं, जें मला सांगण्यांत आलें तेंच मीं तुम्हांस सांगितलें. आणि मग तो ख्रिस्ताचें मरण, त्याचें पुरलें जाणें, तिसऱ्या दिवशीं त्याचें उठणें व शिष्यांस दर्शन देणें, या गोष्टी ओळीनें मोजून दाखवितो. (१ करिंथ. १५:३–५ पाहा.) म्हणजे मतांगीकाराचें बीज शास्त्राच्या बाहेरचें नाहीं, तें शास्त्राच्या आंतच पेरलेलें आहे.

पुढें त्या बीजाचें रोप कसें झालें? पूर्वींच्या मंडळींत बाप्तिस्मा घेणारा पाण्यांत उभा असे. त्याला तीन प्रश्न विचारीत: पित्यावर, पुत्रावर व पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे काय? प्रत्येक वेळीं तो होकार देई आणि त्यास पाण्यांत बुडवीत. रोम शहरांतील मंडळींत या प्रश्नोत्तरांच्या मुशींतून एक लहानशी कबुली तयार झाली. तीच वाढत वाढत आपला प्रेषितांचा मतांगीकार झाली. बारा प्रेषितांनीं एकत्र बसून प्रत्येकीं एकेक वाक्य सांगितलें, अशी एक जुनी कथा आहे. पण ती कथाच होय. आज आपण म्हणतों तें पूर्ण रूप इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारास दिसूं लागतें. शब्द प्रेषितांच्या हातचे नव्हेत. साक्ष मात्र प्रेषितांची आहे, म्हणून तें नांव शोभतें.

या मतांगीकारांत प्रभूवांचून केवळ दोन मनुष्यांचीं नांवें आहेत. एक त्याची माता मरिया, आणि दुसरा पंत पिलात. त्या रोमी सुभेदाराचें नांव आपण दर प्रभुवारीं कां घेतों? त्याचा मान राखावयाचा म्हणून नव्हे. आपल्या तारणाची गोष्ट 'एक होता राजा' अशा प्रकारची कहाणी नाहीं. ती एका ठराविक देशांत, एका ठराविक अंमलदाराच्या कारकीर्दींत घडली, हें सांगण्यासाठीं. पिलात सुमारें इ. स. २६ पासून ३६ पर्यंत यहूदीयाचा सुभेदार होता. इ. स. १९६१ मध्यें समुद्रकांठच्या कैसरियांत खोदकाम चाललें असतां त्याचें नांव कोरलेला एक दगडही सांपडला आहे. आपला विश्वास त्या दगडावर उभा नाहीं हें खरें. परंतु मतांगीकार आपणांस स्वप्नें सांगत नाहीं, घडलेलें सांगतो, हें त्यावरून कळतें.

तर ज्यांस शास्त्र पुरे आहे, मतांगीकार नको, असें वाटतें त्यांस आम्ही एवढेंच सांगूं. घरांत धान्यानें भरलेली कणगी आहे म्हणून शेतावर जाणारा मनुष्य कणगी डोक्यावर घेऊन जात नाहीं. तिच्यांतल्याच धान्याची भाकर करून फडक्यांत बांधून नेतो. शास्त्र ही कणगी होय. मतांगीकार ही शिदोरी होय. शिदोरी कणगीपेक्षां मोठी आहे असें कोणी म्हणूं नये. आणि जी शिदोरी त्या कणगींतल्या धान्याची नाहीं ती खाऊं नये. म्हणूनच प्रत्येक मतांगीकार शास्त्रावरून पारखावयाचा असतो. शास्त्र मतांगीकारावरून पारखावयाचें नसतें. परंतु रानांत दुपार झाली, भूक लागली, घर लांब राहिलें, तेव्हां शिदोरीची किंमत कळते. रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं दिवा नाहीं, पुस्तक नाहीं, वाचणारा नाहीं. अशा वेळीं जें मनांत बांधून ठेविलें आहे तेंच उपयोगीं पडतें.

आणि ही केवळ अशिक्षितांची सोय आहे असेंही कोणी समजूं नये. चौथ्या व पांचव्या शतकांत आफ्रिकेंतील हिप्पो नगरीचा विद्वान् अध्यक्ष आगस्तीन बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस सांगत असे कीं, मतांगीकार कागदावर लिहूं नका, हृदयावर लिहा. सकाळीं उठतांना व रात्रीं निजतांना तो म्हणत जा. ज्यांस लिहितां येत होतें त्यांसही त्यानें असेंच सांगितलें.

२. ही उघडपणें दिलेली कबुली आहे

तो शेतकरी आपल्या शेताच्या बांधावर एकटाच बसून हे शब्द पुटपुटत नाहीं. तो टोपली घेऊन वाटेनें चालत जातो. लोक त्यास पाहतात. याजक ऐकतो. पौलही रोमकरांस हेंच सांगतो कीं, अंतःकरणाचा विश्वास आणि मुखाची कबुली या दोन गोष्टी एकत्र असाव्या.

मुखानें कबुली देणें पूर्वीं स्वस्त नव्हतें. इ. स. ११२ च्या सुमारास, आज ज्यास तुर्कस्तान म्हणतात त्याच्या उत्तर भागांत, प्लिनी नांवाचा रोमी सुभेदार होता. त्यानें त्राजान बादशहास लिहिलेलें पत्र आजही उपलब्ध आहे. त्यांत तो कळवितो कीं, ज्यांच्यावर ख्रिस्ती असल्याचा आरोप येई त्यांस तो तीनदां विचारी; जे कबूल करीत राहात त्यांस मरणाची शिक्षा देई; जे नाकारीत त्यांस बादशहाच्या मूर्तीपुढें धूप व द्राक्षारस अर्पावयास आणि ख्रिस्तास शाप द्यावयास लावी. खरे ख्रिस्ती हें कधींच करीत नाहींत असें त्याच्या कानीं आलें होतें. मंडळीची सेवा करणाऱ्या दोन दासींचा त्यानें छळ करविला, हेंही त्यानेंच लिहिलें आहे. त्या दासींचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्या मोठ्या घरच्या नव्हत्या, त्यांच्या पाठीशीं कोणी वकील नव्हता. परंतु सुभेदारानें बादशहास लिहिलेल्या पत्रांत त्यांची आठवण राहिली, आणि त्यांच्या प्रभूनें तर ती आधींच राखिली होती.

दुसरें उदाहरण एका मोठ्या मनुष्याचें आहे. तें आगस्तीनानें लिहून ठेविलें आहे. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रोम शहरांत व्हिक्तोरीनुस नांवाचा प्रख्यात पंडित होता. त्याच्या विद्वत्तेच्या मानार्थ नगरांत त्याचा पुतळा उभारला होता. उतारवयांत तो पवित्र शास्त्र वाचूं लागला आणि सिंप्लिकियानुस नांवाच्या मित्रास खासगीत म्हणूं लागला कीं, मी आतां ख्रिस्तीच झालों आहें असें समज. मित्र म्हणे, तुला मंडळींत पाहीन तेव्हां खरें मानीन. त्यावर तो हंसून विचारी कीं, भिंतींनीं का माणूस ख्रिस्ती होतो? खरी गोष्ट ही कीं, त्याला आपल्या थोर मित्रांची भीति वाटत होती. परंतु पुढें त्याच्या मनांत असें आलें कीं, मी माणसांपुढें प्रभूस नाकारिलें तर तो देवदूतांपुढें मला नाकारील. मग तो आपण होऊन मित्रास म्हणाला, चल, मंडळींत जाऊं.

मतांगीकार म्हणावयाची वेळ आली तेव्हां वडिलांनीं त्याला सवलत देऊं केली कीं, आपणांस संकोच वाटत असेल तर एकांतांत म्हणावें. ही सवलत ते भित्र्या माणसांस देत असत. व्हिक्तोरीनुसानें ती घेतली नाहीं. तो उंच जागीं सर्वांपुढें उभा राहिला. लोकांत त्याच्या नांवाची आनंदाची कुजबुज उठली. मग सर्व स्तब्ध झाले आणि त्यानें स्पष्ट शब्दांनीं आपला विश्वास कबूल केला.

बंधूंनो, "मनांत मानतों तेवढें पुरे, लोकांस कशाला कळवावयाचें?" हें बोलणें आपल्या गांवांतही ऐकूं येतें. जे भितात त्यांची आपण थट्टा करूं नये. ज्या सुनेचा आसरा तुटेल, ज्या मजुराचें काम जाईल, त्याचें भय आपल्या सुरक्षित घरांत बसून तोलणें सोपें आहे. रोमच्या वडिलांनींही भित्र्यांवर दया केली. तरी पण विश्वास हा बी आहे. बी जमिनींत लपतें तें वर येण्यासाठीं लपतें. अरिमथाईचा योसेफ पुष्कळ दिवस गुप्त शिष्य होता; परंतु वधस्तंभाखालीं, जेव्हां लाभाची कांहींच आशा नव्हती तेव्हां, तो पुढें आला. देवाची वाट पाहणारी सहनशीलता मोठी आहे. तिचा अर्थ, कधींच उठूं नये, असा मात्र नाहीं.

३. ही एकमेकांसाठीं दिलेली कबुली आहे

शेतकऱ्याच्या बोलण्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. तो आरंभीं 'माझा पूर्वज' म्हणतो. मध्यें 'आम्हांस जाचिलें', 'आम्हीं धांवा केला' असें म्हणतो. आणि शेवटीं 'मी आणिलें आहे' असें म्हणतो. त्यानें स्वतः मिसर देश पाहिलाही नसेल. तरी पूर्वजांचा धांवा तो आपलाच समजतो. 'मी' आणि 'आम्ही' हे दोन्ही शब्द एकाच तोंडीं आहेत.

आपल्याकडेही तसेंच आहे. प्रेषितांचा मतांगीकार 'मी' या शब्दानें बोलतो, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्यांत दुसरा कोणी माझ्यासाठीं उत्तर देऊं शकत नाहीं. इ. स. ३२५ मध्यें निकया नगरांत झालेल्या सभेचा मतांगीकार मूळ ग्रीक भाषेंत 'आम्ही' या अर्थानें आरंभ होतो. त्या सभेस इ. स. २०२५ सालीं १७०० वर्षें पूर्ण झालीं. सुमारें तीनशें अध्यक्ष तेथें जमले होते. त्यांपैकीं कित्येकांच्या अंगावर छळाचे वण होते असें जुने इतिहासकार सांगतात.

त्या सभेचें कारण काय? आलेक्सांद्रिया येथील आरियस नांवाचा वडील शिकवूं लागला होता कीं, पुत्र हा देवानें उत्पन्न केलेला आहे. तो कितीही थोर असला तरी खरा देव नव्हे. त्यानें आपलें मत खलाशांच्या, वाटसरूंच्या व दळणाऱ्यांच्या तोंडीं बसावें म्हणून गाणीं रचिलीं, असें एका प्राचीन इतिहासकारानें लिहिलें आहे. जात्यावरची ओवी मनांत किती खोल जाते हें आपल्या मायबहिणींस सांगावयास नको. सभेनें उत्तर दिलें कीं, पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे. शब्द कठीण आहे. पण त्यांतला प्रश्न कोणाही कुणब्यास कळण्यासारखा आहे. संकटांत असतां धन्यानें आपला कारभारी पाठविला, कीं धनी स्वतः आला? आपल्या पापासाठीं जो मेला तो देवाचा कोणी चाकर असेल तर देव अजून दूरच राहिला. परंतु तो स्वतः देव असेल, तर देवच आपल्या झोंपडींत येऊन आपल्या पंक्तीस बसला. या एका शब्दासाठीं अथनासियानें पांचदां हद्दपारी भोगिली आणि आयुष्याचीं सुमारें सतरा वर्षें परमुलखांत किंवा रानांत काढिलीं. निकयेचा हा मतांगीकार इ. स. ३८१ च्या कॉन्स्तंतिनोपलच्या सभेशीं जोडलेल्या विस्तृत रूपांत आज जगभर म्हटला जातो. आपल्या महाराष्ट्रांत, नागपूर येथें, ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं निरनिराळ्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां त्यांनींही प्रेषितांचा व निकयेचा असे दोन्ही मतांगीकार स्वीकारिले.

या 'आम्ही'मध्यें मोठें सांत्वन आहे. समजा, एखाद्या बाईनें गुरुवारीं आपला एकुलता एक मुलगा मातींत ठेविला. प्रभुवारीं ती देवळांत आली. मृतांच्या उठण्याविषयींचे शब्द आले आणि तिचा कंठ दाटून आला. तिच्यानें पुढें म्हणवेना. तिचा विश्वास गेला असें समजावें काय? मुळींच नाहीं. त्या दिवशीं तिच्या डावीकडची व उजवीकडची बहीण तिच्यासाठीं ते शब्द म्हणत असते. चार माणसांनीं पक्षघाती मनुष्यास बाजेसकट उचलून प्रभूपाशीं नेलें. तसेंच मंडळी आपल्या थकलेल्या भावाबहिणीस मतांगीकाराच्या बाजेवर घालून प्रभूपुढें नेते. आज आपण तिच्यासाठीं म्हणावें. उद्यां ती आपल्यासाठीं म्हणेल. म्हणून कोणीही तो पुटपुटूं नये. तुमच्या शेजारीं कोणाचा आवाज अडला आहे हें तुम्हांस ठाऊक नसतें.

४. ही टोपलीसह दिलेली कबुली आहे

आतां शेवटची व सर्वांत जड गोष्ट. शेतकरी कबुली देतो तेव्हां त्याचे हात रिकामे नसतात. आणि टोपली ठेविल्यावर तो एकटा घरीं जाऊन जेवीत नाहीं. लेवी व उपरी यांच्यासह आनंद करितो. जो म्हणतो कीं माझा बाप उपरी होता, त्यास आपल्या दारच्या उपऱ्यास वगळतां येत नाहीं. त्याची कबुलीच त्याला आडवी येते.

प्लिनीच्या पत्रांतही याची साक्ष आहे. ख्रिस्ती लोक ठराविक दिवशीं पहांटे जमून ख्रिस्तास देव मानून गीत गातात, आणि चोरी, लूट व व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची व ठेव परत करण्यास न नाकारण्याची शपथ घेतात, असें त्याला चौकशींत कळलें. गीत आणि परत केलेली ठेव, हीं दोन त्यांच्यामध्यें वेगळीं नव्हतीं.

जेथें हीं दोन वेगळीं होतात तेथें काय घडतें, हें दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासांत पाहावें. तेथील डच सुधारित मंडळी प्रेषितांचा मतांगीकार मानणारी, शास्त्रावर प्रेम करणारी होती. प्रभुभोजन सर्व वर्णांच्या लोकांनीं एकत्र घ्यावें हेंच शास्त्रास धरून आहे, असें तिच्या महासभेनें इ. स. १८५७ मध्यें मान्य केलें. परंतु त्याच ठरावांत तिनें अशी मोकळीक ठेविली कीं, कित्येकांच्या दुर्बलतेमुळें अडचण येत असल्यास काळ्या लोकांची उपासना निराळी भरवावी. दुर्बल कोण होते? ज्यांस बाहेर बसावें लागलें ते नव्हेत. ज्यांस त्यांच्यासह बसवत नव्हतें ते. सवलत म्हणून जें आंत आलें तें पुढें नियम होऊन बसलें. इ. स. १८८१ मध्यें मिश्र वर्णाच्या लोकांसाठीं वेगळी मिशन मंडळीच निघाली. आणि पुढें साऱ्या देशाच्या वर्णभेदी कायद्यांस या वेगळ्या उपासनेचा आधार मिळाला. त्या सर्व वर्षांत मंडळी एक आहे असें कबूल करणें दोन्हींकडे चालूच होतें.

शेवटीं त्या बाजूस सारलेल्या मिशन मंडळीनेंच इ. स. १९८२ मध्यें केप टाऊनजवळच्या बेलहार येथें नवी कबुली लिहिली व १९८६ मध्यें ती स्वीकारिली. तींत त्यांनीं मंडळीचें ऐक्य, समेट व न्याय यांविषयीं स्पष्ट साक्ष दिली, आणि जी शिकवण वर्णावरून माणसांस वेगळें करिते ती सुवार्तेच्या विरुद्ध आहे असें ठरविलें. त्यांनीं जुना मतांगीकार टाकून दिला नाहीं. त्यांनीं एवढेंच केलें कीं, तोंडच्या कबुलीजवळ टोपली आणून ठेविली.

वाचकहो, हें दूरदेशचें वर्तमान म्हणून आम्हीं सांगितलें नाहीं. "कित्येकांच्या दुर्बलतेस्तव" ही पळवाट आपल्याही ओळखीची आहे. पवित्रांच्या सहभागितेवर विश्वास ठेवितों असें म्हणून जो मनुष्य पुढच्या घरच्या भावाच्या हातचें पाणी टाळितो, तो काय कबूल करितो? मुलीची सोयरीक ठरवितांना पहिला प्रश्न जातीचा, आणि प्रभूचा प्रश्न मागाहून. ही कोणत्या मतांगीकाराची शिकवण? पुरण्याच्या जागेंतसुद्धां हे अमक्यांचे, ते तमक्यांचे असे वाटे पडत असतील, तर मृतांच्या उठण्याच्या दिवशीं आपण कोणत्या वाट्यांतून उठणार? पापांची क्षमा कबूल करून ज्यानें बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावाशीं दहा वर्षें अबोला धरिला आहे, त्यानें त्या वाक्यापाशीं क्षणभर थांबावें. आम्ही हें दुसऱ्यांस सांगून आपण सुटत नाहीं. हे प्रश्न लिहिणाराच्या दारींही तितकेच उभे आहेत. मतांगीकार म्हणावयास दोन मिनिटेंही लागत नाहींत. टोपली भरावयास मात्र साऱ्या हंगामाचे श्रम लागतात.

शिक्षकांस व सुवार्तिकांस दोन शब्द

ज्या बांधवांवर नव्या लोकांस शिकविण्याचें काम आहे त्यांस आमची नम्र सूचना आहे. मतांगीकार एकदम सबंध पाठ करवूं नका. एका आठवड्यांत एकच वाक्य घ्या. त्या वाक्याची शास्त्रांतली गोष्ट सांगा. मग शिकणारास ती त्याच्याच बोलींत सांगावयास लावा. शेवटीं शब्द पाठ करवा. जीभ आधीं व समज मागाहून, असें झालें म्हणजे पोपट तयार होतात. 'सार्वत्रिक' अशासारखे शब्द अडतात. तेथें न थांबतां पुढें जाऊं नका. सर्व देशांतली, सर्व काळांतली व सर्व जातींतली एकच मंडळी, इतका अर्थ तरी प्रत्येकास कळला पाहिजे.

एखादी वृद्ध बाई दोन शब्द चुकली म्हणून तिला मागें लोटूं नका. तिला विचारा, "आजी, येशूनें तुमच्यासाठीं काय केलें?" ती डोळ्यांत पाणी आणून उत्तर देईल, तर मतांगीकाराचें सार तिच्यापाशीं आहे. उलट, मतांगीकार हा मंत्र नव्हे हेंही शिकवा. ताप उतरावा किंवा बाधा जावी म्हणून तो इतक्या वेळां म्हणावा, असें कोणी समजत असल्यास प्रेमानें त्याची समजूत घाला. देव शब्दांच्या संख्येनें वश होत नाहीं. मतांगीकारानें आपण देवाला बांधीत नाहीं. आपणच त्याच्या हातीं बांधले जातों.

समाप्ति

तर येत्या प्रभुवारीं आपण उभे राहूं तेव्हां तीन गोष्टी मनांत आणूं. हे शब्द आपण एकटे म्हणत नाहीं. त्या नांव नसलेल्या दासी, तो रोमचा पंडित, हद्दपार झालेला अथनासिय, आणि आपल्याच गांवांत ज्यांनीं पहिल्यानें टीका सोसून बाप्तिस्मा घेतला ते आपले आजेपणजे, हे सर्व आपल्याबरोबर उभे आहेत. आपल्या शेजारीं कोणाचा आवाज अडला असेल. त्याच्यासाठीं आपण नीट व मोठ्यानें म्हणूं. आणि शेवटीं 'आमेन' म्हणण्यापूर्वीं आपल्या हातांकडे पाहूं. आमेन म्हणजे हें खरें व स्थिर आहे. तो शिक्का आपण रिकाम्या टोपलीवर मारावा, असें प्रभूच्या मनांत नाहीं.

हे देवबापा, तूं आम्हांस दूरून आणिलेंस व आपल्या घरांत जागा दिलीस. जें आम्ही तोंडानें कबूल करितों तें अंतःकरणानें धरावयास व हातांनीं करावयास आम्हांस कृपा दे. जो भितो त्यास धैर्य दे. जो शोकांत आहे त्यास आमच्या कबुलींत आसरा दे. आणि ज्यांस आम्हीं आपल्या पंक्तीबाहेर ठेविलें आहे त्यांच्यासह बसून जेवावयास आम्हांस शिकीव. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.